१९९०च्या मियाटाला टर्बो बसवून, इंजिन न उघडता २५० हॉर्सपॉवर मिळतील का? सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की १९९०ची, १.६ लिटरची, उघड्या छपराची माझदा एमएक्स-५ म्हणजे मियाटा तुम्ही वापरलेली घेतली आहे. इंजिन आहे तसंच ठेवून टर्बो (इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून आत जास्त हवा दाबणारा पंप) किट लावायचं, २५० हॉर्सपॉवर काढायचे, आणि आधी टर्बो की आधी ब्रेक-सस्पेन्शन हे ठरत नाहीये.

२५०चा आकडा सोडून द्या. न उघडलेल्या या इंजिनातून १७० ते १९० हॉर्सपॉवर वर्षानुवर्षं सुखाने मिळतात, आणि मूळच्या ११६ हॉर्सपॉवरच्या, जेमतेम साडेनऊशे किलोच्या गाडीत तेवढे भरपूर होतात. सुरुवात मात्र टर्बोपासूनही नको आणि ब्रेकपासूनही नको. आधी ईसीयू, म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क ठरवणारा गाडीचा कॉम्प्युटर, बदला. टर्बो सगळ्यात शेवटी घ्या. माझी गाडी याच पिढीची, याच इंजिनाची आहे, टर्बोवर चालते आणि तिचं बहुतेक काम मी स्वतः केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी २५० का नको ते. या इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडरचा सांगाडा) आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) दणकट आहेत. याच घराण्यातलं टर्बो इंजिन माझदाने फोर व्हील ड्राइव्ह ३२३मध्ये कारखान्यातूनच दिलं होतं. कच्चा दुवा आहे तो पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड. लोक समजतात की रॉड जास्त आरपीएममुळे, म्हणजे मिनिटाला जास्त फेऱ्यांमुळे जातो. टर्बो इंजिनात तो बहुतेक वेळा टॉर्कमुळे, म्हणजे फिरवण्याच्या जोरामुळे वाकतो. ३०००-३५०० आरपीएमला पूर्ण बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) येतो, सिलिंडरमध्ये हवा ठासून भरलेली असते, पिस्टन संथ असतो आणि स्फोटाचा सगळा दाब त्या बारीक रॉडवर येतो. मूळ रॉडसाठी चाकांवर मोजलेला साधारण २७० न्यूटन-मीटर टॉर्क ही बहुतेक अनुभवी ट्यूनर लोकांची लक्ष्मणरेषा आहे. आता हिशोब करा. ६५०० आरपीएमला १९० हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे २०८ न्यूटन-मीटर. २५० हवे असतील तर त्याच आरपीएमला २७४ लागतात, आणि छोटा टर्बो असेल तर मधल्या आरपीएमला टॉर्क त्याच्याही वर जातो. रॉड हॉर्सपॉवर मोजत नाही, त्याला फक्त तो मधला उंचवटा कळतो.

म्हणून ट्यूनिंग करणाऱ्याला भेटाल तेव्हा हॉर्सपॉवरचा आकडा सांगू नका, टॉर्कची मर्यादा सांगा. बूस्ट ४००० आरपीएमच्या आधी पूर्ण चढू द्यायचा नाही, नंतर हळूहळू वाढवत न्यायचा. गाडी वरच्या आरपीएमला मोकळी पळते आणि रॉड सुरक्षित राहतात. माझदाने स्वतः २००४-०५मध्ये माझदास्पीड एमएक्स-५ काढली, कारखान्यातून टर्बो बसवलेली, १.८ लिटरची. तिचे १७८ हॉर्सपॉवर होते. ज्यांनी इंजिन बनवलं आणि ज्यांना वॉरंटी द्यायची होती, ते १७८वर थांबले, हे मी फार गांभीर्याने घेतो.

आता तुमच्या हातात जी गाडी आहे तिच्याकडे वळू. वर्ष १९९० म्हटलंत म्हणून पहिली गोष्ट सांगतो: क्रँकचं टोक तपासा. १९९० आणि १९९१च्या सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकचं पुढचं टोक आखूड आहे. त्यावर टायमिंगचा गिअर बसतो, तिथली चावी आणि खाच काही गाड्यांत झिजते, गिअर डुलायला लागतो आणि शेवटी क्रँकच बाद होतो. ओळखायला काही खोलावं लागत नाही. बॅटरीवर चालणारा दिवा घेऊन रेडिएटर आणि इंजिनाच्या मधल्या फटीतून खाली बघा. क्रँक पुलीच्या मधोमध मोठा बोल्ट दिसेल आणि त्याच्याभोवती पुलीच्या मानेत खाचा दिसतील. चार खाचा असतील तर आखूड टोक, आठ असतील तर पुढे आलेलं सुधारित टोक. चार निघाल्या म्हणून गाडी टाकाऊ होत नाही, अनेक गाड्या तशाच लाखो किलोमीटर धावल्यात. पण इंजिन चालू असताना पुली डुलताना दिसली, तर टर्बोचा विचार तिथेच थांबवा आणि लांब टोकाचं इंजिन शोधा.

त्यानंतर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा, आणि शक्य असेल तर लीक-डाउन टेस्टही (सिलिंडरमध्ये दाबलेली हवा किती गळते ते) करा. आकडा किती उंच आहे यापेक्षा चौघांमध्ये फरक किती आहे ते बघा. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त मागे असेल, तर बूस्टवर तोच आधी दगा देईल. आणि सीटच्या मागे, छपराचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्यात का ते बघा. तुंबल्या की पाणी मागच्या चाकांच्या पुढच्या सिलमध्ये (दाराखालच्या पोकळ पत्र्यात) साचतं आणि पत्रा आतून कुजतो. इंजिन दुरुस्त होतं, कुजलेल्या सिलवर टर्बो लावणं म्हणजे आधी कळस मग पाया.

आता ईसीयू. तुमच्या गाडीत हवा मोजायला एक फ्लॅप असलेला एअरफ्लो मीटर आहे. स्प्रिंगवरचा दरवाजा, हवा जितकी जास्त तितका तो उघडतो. तो पूर्ण उघडला की त्यापुढे आणखी हवा आली तरी मूळ ईसीयूला पत्ता लागत नाही, आणि टर्बो लावल्यावर नेमकी हीच वेळ येते. जुन्या किटमध्ये यावर तोडगा म्हणून बूस्ट वाढेल तसा पेट्रोलचा दाब वाढवणारा रेग्युलेटर देत. पेट्रोल जास्त जायचं, पण स्पार्क कधी पडतो यावर त्याचा काहीच ताबा नसायचा. असं किट कुणी स्वस्तात देत असेल तर नको म्हणा. मेगास्क्वर्टसारखा प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू घ्या. तो मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान पाहून पेट्रोल आणि टायमिंग दोन्ही ठरवतो, त्यामुळे फ्लॅपची भानगडच उरत नाही. एक बारीक गोष्ट: गिअर हाताने बदलायच्या १.६मध्ये थ्रॉटलवर नुसता स्विच असतो. बंद आणि पूर्ण उघडा, एवढंच तो सांगतो. नव्या ईसीयूसाठी तिथे प्रत्येक स्थिती दाखवणारा सेन्सर बसवा, नाहीतर ॲक्सिलरेटर दाबताक्षणी गाडी अडखळेल.

ईसीयू टर्बोच्या आधी का? कारण टर्बो नसताना ट्यूनिंगमध्ये चूक झाली तर गाडी अडखळते, फार तर बंद पडते. बूस्टवर तीच चूक पिस्टन फोडते. ईसीयू आणि वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) लावून काही आठवडे गाडी तशीच चालवा. सकाळी थंड इंजिन पटकन सुरू होतंय, सिग्नलला आयडल स्थिर आहे, हळू चालवताना हिसके बसत नाहीत, इतकं जमू द्या. लॉग, म्हणजे ईसीयूने नोंदवलेले आकडे, बघायची सवय लागते आणि आपली गाडी आकड्यांत कशी दिसते ते कळतं. टर्बो लागल्यावर काहीतरी वेगळं दिसलं, तर ते कशामुळे हे शोधायला मग वेळ लागत नाही.

इंजेक्टरचा (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाचा) हिशोब स्वतः करा, विकणाऱ्यावर सोडू नका. टर्बो इंजिन एका हॉर्सपॉवरसाठी तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल खातं असं धरा. १९०साठी तासाला ५१-५२ किलो. चार इंजेक्टरमध्ये वाटलं तर प्रत्येकी मिनिटाला सुमारे २९० सीसी. इंजेक्टर सतत उघडा ठेवता येत नाही, ८० टक्क्यांवर थांबायचं, म्हणजे किमान ३६५ सीसीचा हवा. मूळचे २००च्या जरा वर आहेत. ४५० सीसीच्या आसपासचे घ्या. फार मोठे घेतले तर आयडलला थेंबभर पेट्रोल मोजून देणं अवघड जातं. पेट्रोल पंपही सोबतच बदला.

मग येते उष्णता, आणि माझ्या मते टर्बो गाडीचं आयुष्य इथेच ठरतं. अर्धा बार म्हणजे सुमारे ७ पीएसआय बूस्ट धरा. ३० अंशांची हवा ७० टक्के कार्यक्षमतेच्या टर्बोतून दाबली जाऊन बाहेर पडते तेव्हा ती ८० अंशांच्या वर गेलेली असते. ती तशीच इंजिनात गेली तर नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचा अवेळी, बेलगाम स्फोट, ठरलेलं. चांगला इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा रेडिएटर) तिला पुन्हा ४५च्या आसपास आणतो. किटमध्ये इंटरकूलर नसेल तर ते किट अपुरं समजा.

नॉकिंग कानाला ऐकू येईलच असं नाही, उघड्या गाडीत वाऱ्याच्या आवाजात तर नाहीच. म्हणून ट्यूनिंगनंतर प्लग काढून भिंगाखाली बघायचा. पांढऱ्या चिनी मातीवर मिठाच्या कणांपेक्षाही बारीक, चमकणारे करडे ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. लगेच टायमिंग मागे घ्या, बूस्ट उतरवा. बूस्टवर हवा-पेट्रोलचं प्रमाण साडेअकरा ते बाराच्या मध्ये ठेवा आणि एखाद-दोन हॉर्सपॉवरच्या मोहाने टायमिंग काठावर नेऊ नका.

इंजिन थंड ठेवण्याबाबत मियाटाची एक जन्मजात अडचण आहे. हे इंजिन मुळात आडवं बसवायच्या गाड्यांसाठी बनलेलं. मियाटात ते उभं बसवलं आणि पाण्याची बाहेर जायची वाट पुढे आली, थर्मोस्टॅटसकट. त्यामुळे मागच्या टोकाला, चौथ्या सिलिंडरजवळ पाणी नीट फिरत नाही आणि तो जास्त तापतो. पाणी मागून बाहेर काढून रेडिएटरला नेण्याची नळजोडणी करता येते, तिला कूलंट रीरूट म्हणतात. टर्बो लावून गाडी जोरात चालवायची असेल तर ती करूनच घ्या. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी काळी न दिसता तपकिरी-हिरवट दिसत असेल तर ती फुटायच्या बेतात आहे, सरळ पूर्ण ॲल्युमिनियमचा रेडिएटर बसवा.

टर्बो कोणता? गॅरेटचा जीटी२५६०आर या इंजिनाला छान बसतो. त्याहून मोठा नको, बूस्ट यायला इतका वेळ लागतो की वळणावळणाच्या रस्त्यावर मजाच जाते. बसवताना दोन ठिकाणी जीव ओता. एक, ऑइल परत जायची नळी. टर्बोतून ऑइल दाबाने परत जात नाही, स्वतःच्या वजनाने खाली पडतं. नळी जाड हवी, सतत उताराची हवी, कुठेही झोळ नको, आणि ती ऑइल पॅनमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर उतरली पाहिजे. टर्बो धूर टाकतो म्हणून लोक सील बदलत बसतात, दोष बऱ्याचदा या नळीचा असतो. पॅनला भोक पाडायचं तर तो काढून पाडलेला उत्तम. काढायचा म्हणजे इंजिन उचलावं लागतं, कष्ट आहेत, पण धातूचा कीस आत जायची भीती राहत नाही.

दुसरं म्हणजे टर्बो आणि धुराच्या मॅनिफोल्डमधले स्टड (जोडणारे आटेदार खिळे). लाल होईपर्यंत तापणं आणि थंड होणं, या चक्रात साधे स्टड ताणले जातात, नट सैल होतात, मग तुटतात. इनकोनेलचे (उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचे) स्टड घ्या, आणि डाउनपाइपला (टर्बोतून धूर खाली नेणाऱ्या नळीला) गिअरबॉक्सवरून एक आधार द्या म्हणजे सगळं वजन स्टडवर लोंबत नाही. फ्लँजच्या कडेला काजळीची काळी रेघ उमटली किंवा थंड इंजिन सुरू करताना टिक-टिक आवाज आला, तर तिथून गळती सुरू झालीय. ब्रेकच्या नळ्या आणि वायरी टर्बोजवळून जात असतील तिथे उष्णतारोधक आवरण घाला.

ब्रेक-सस्पेन्शनचं उत्तर सोपं आहे. झिजलेले बुश, गळणारे शॉक, जुने टायर आधी बदला, ते टर्बो नसतानाही बदलायलाच हवेत. ब्रेकसाठी १.८चा पुढचा सेट, त्याची डिस्क २५५ मिलिमीटरची, तुमची २३५ची. मूळ क्लच हा टॉर्क फार दिवस पेलणार नाही, तो टर्बोबरोबरच बदला.

डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा, मात्र विसरू नका. १.६मधलं लहान आहे, सहा इंची, आणि टर्बोच्या टॉर्कवर झटक्याने क्लच सोडला तर ते फुटतं. १.८चं सात इंची, शक्य तर टॉरसेन (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा प्रकार) असलेलं, हाफ शाफ्ट आणि प्रॉपेलर शाफ्टसकट बसतं. ते मिळेपर्यंत पहिल्या गिअरमध्ये बूस्ट कमीत कमी ठेवा, नवा ईसीयू ते करू शकतो. आणि पुढे कधी २५० हवेच वाटले, तर तेव्हा इंजिन उतरवा, फोर्ज्ड (घडवलेल्या, जास्त मजबूत धातूचे) रॉड आणि पिस्टन घाला. वर सांगितलेलं ईसीयू, कूलिंग, इंटरकूलर, डिफरन्शियल हे सगळं तेव्हाही जसंच्या तसं उपयोगी पडतं, फक्त इंजेक्टर आणखी मोठे लागतील.