एकाच पोत्याचे दोन अहवाल

प्रश्न : आमचा बचतगट शेंगाचटणी करतो. पुण्याच्या एका दुकानदारानं अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे दाण्यांवरच्या बुरशीच्या विषाचा, अहवाल मागितला, म्हणून एकाच पोत्यातले पाव-पाव किलो दाणे दोन प्रयोगशाळांना पाठवले. एकीनं एलायझा पद्धतीनं 6 पीपीबी (अब्ज भागांत 6 भाग) सांगितलं, दुसरीनं एचपीएलसीनं 21. मर्यादा 15 आहे म्हणतात. खरं कोणाचं मानायचं? एचपीएलसी महाग पडते, ती दर वेळी करावीच लागेल का? शिवाय बुरशी दाखवणारी निळ्या प्रकाशाची बॅटरी कोणी विकायला आणली होती. घ्यावी का?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, दोन्ही आकडे खरे असू शकतात. तुमचं पत्र वाचताना मी अडखळले ती ‘पाव-पाव किलो’ या शब्दांपाशी.

हे विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. बहुतेक दाणे स्वच्छ असतात आणि एखाद्याच दाण्यात बुरशीनं ते साठवलेलं असतं. अशा एका दाण्यात लाखभर पीपीबी, म्हणजे किलोमागे लाखभर मायक्रोग्रॅम या प्रमाणात विष असू शकतं. दाणा अर्ध्या ग्रॅमचा धरला तर त्यात 50 मायक्रोग्रॅम झालं. तो पाव किलोच्या पुडीत गेला की अहवाल 200 पीपीबी येईल. पाच किलोंत दळून मिसळला तर 10. आणि पुडीत आलाच नाही, तर शून्याच्या जवळपास. यंत्र तेच, माणूस तोच, तरी एवढा फरक! युरोपीय संघाच्या नियमांत मोठ्या खेपेतल्या शेंगदाण्यांचा नमुना शंभर ठिकाणांहून घेऊन 20 किलोंचा करायला सांगितलंय, तो याचसाठी.

म्हणून सगळ्या पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून मूठमूठ घेऊन निदान पाच किलो दाणे जमवा. ते सगळेच्या सगळे बारीक दळा, नीट कालवा आणि मग त्याचे दोन भाग करून पाठवा. त्यानंतर आकडे वेगळे आले, तरच पद्धतींना जाब विचारता येतो.

पद्धतींत फरक आहेच. एलायझामध्ये विषाला पकडणारी प्रतिपिंडं असतात आणि रंगावरून आकडा काढतात. विष जास्त तेवढा रंग फिका. काम झटपट होतं, एका वेळी बरेच नमुने बसतात, म्हणून स्वस्त पडतं. पण या विषाचे बी-1, बी-2, जी-1, जी-2 असे चार प्रकार आहेत आणि ही प्रतिपिंडं बहुधा बी-1वर बेतलेली असतात. जी-1, जी-2 त्यांना कमी सापडतात. तुमच्या एचपीएलसी अहवालात चारही प्रकार वेगळे दिले असतील, ते काढून बघा. जी-1 मोठा असेल, तर एलायझाचा आकडा कमी येण्याचं एक कारण तिथंच आहे. शिवाय तिखट-लसूण घातलेल्या चटणीत एलायझाचा तपासणी-संच फसू शकतो. तपासायचे ते साधे दाणे, चटणी नव्हे.

एचपीएलसीत अर्क आधी प्रतिपिंडांच्या नळीतून गाळून स्वच्छ करतात, चारही प्रकार वेगळे करतात आणि अतिनील प्रकाशात प्रत्येकाची चमक मोजतात. बी-1 आणि जी-1 पाणीमिश्रित द्रावणात मंद चमकतात, त्यामुळे त्यांच्यावर आयोडीन, ब्रोमीन किंवा प्रकाशाची प्रक्रिया करावी लागते. वाद झाला तर मी याच आकड्यावर विसंबेन. मात्र प्रयोगशाळेला दोन गोष्टी विचारा : एनएबीएलच्या (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) मान्यतेत शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन आहे का, आणि ठरावीक विष मुद्दाम घालून तपासलं तेव्हा त्यातलं किती टक्के परत मिळालं? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर न देणाऱ्या ठिकाणी पैसे घालू नका. वस्तुमानावरून ओळखणारी एलसी-एमएस याहून भारी आहे, एकाच वेळी अनेक बुरशीविषं शोधते. तुम्हाला तिची गरज नाही.

तेव्हा दर खेपेला नीट घेतलेल्या नमुन्याची एलायझा करा. आकडा 8-10च्या वर गेला की तोच दळलेला नमुना एचपीएलसीला द्या. 15 ही मर्यादा पुढे प्रक्रिया करायच्या दाण्यांची आहे; थेट खायच्या दाण्यांना 10 आहे. तुमची चटणी लहान मुलंही खाणार. हे विष यकृताच्या कर्करोगाचं सिद्ध कारण आहे आणि भाजल्यानं पुरतं जात नाही. मी तरी 10च्या आतलाच माल घेईन.

बॅटरी घेऊ नका. मक्यात त्या प्रकाशात दिसणारी हिरवट-पिवळी चमक अफ्लाटॉक्सिनची नसते, बुरशीच्याच कोजिक आम्लापासून ती येते. शेंगदाण्यात तर तिच्यावर काहीच ठरवता येत नाही. त्यापेक्षा सुरकुतलेले, काळपट, फुटके दाणे हातानं निवडून काढणाऱ्या बायकांना चांगली मजुरी द्या. आकडा खरोखर उतरतो तो तिथं.

निवडलेला खराब माल घाण्यावर मात्र देऊ नका. विष बरंचसं पेंडीत राहतं, पेंड गाईम्हशींना जाते, आणि तेच रूप बदलून एम-1 म्हणून दुधात उतरतं. दूध उकळूनही ते जात नाही. तो माल जाळून टाका.