वाचकांचे प्रश्न : दुपारची झोप, तिचे सुख आणि तिची वेळ

मागील अंकात उन्हाळ्यातील आहाराविषयी लिहिताना ‘दुपारी क्षणभर आडवे व्हावे’ असे एक वाक्य मी सहज लिहून गेलो, आणि त्या एका वाक्यावर जितकी पत्रे आली तितकी संपूर्ण लेखावरही आली नाहीत. सोलापूरकरांचा हा जिव्हाळ्याचा विषय असल्याने या वेळचे सदर त्यालाच देत आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून रेल्वे लाइन्स भागात राहतो. जेवण झाल्यावर रोज एक-सव्वा तास झोपतो. उठल्यावर डोके जड होते आणि चहा घेईपर्यंत कोणाशी बोलावेसे वाटत नाही. रात्री मात्र बारा वाजेपर्यंत टक्क जागा असतो. आमचे वडील दिवसा झोपणे हे दारिद्र्याचे लक्षण मानत. तरीही पंख्याखाली पाठ टेकताक्षणी जे सुख मिळते ते दुसऱ्या कशात नाही, हे कबूल करतो. हे सुख सोडावे काय?

उत्तर : सोडू नका, आवरते घ्या.

आपण ‘टेकताक्षणी’ हा शब्द अगदी नेमका वापरला आहे. गाढ झोप लागल्यावर सुखाची जाणीव उरतच नाही. सुख असते ते डोळे मिटल्यापासून झोप लागेपर्यंतच्या त्या चार-पाच मिनिटांत, जेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्या भंगारवाल्याची आरोळी ऐकू येते पण तिचा अर्थ लागत नाही. लहानपणी आमच्या माळवदाच्या घरात जेवणे आटोपली की आजी मधल्या खोलीतील शहाबादी फरशी ओल्या फडक्याने पुसून घेई, ती अर्धवट वाळली की चटईसुद्धा न घालता तिच्यावर आडवी होई, डाव्या हाताची उशी करी आणि उजव्या हातातील विंझण्याने वारा घेत राही. विंझण्याची गती हळूहळू मंदावे, मग तो हातातून सुटून फरशीवर टप्पकन पडे, आणि त्या आवाजाने ती डोळे उघडी. ‘आजी, झोपली होतीस?’ असे विचारले की तिचे उत्तर ठरलेले असे : ‘मी कुठे झोपले? नुसती पडले होते.’ वैद्यक शिकल्यावर मला कळले की आजी खोटे बोलत नव्हती. झोपेच्या पहिल्या, अगदी उथळ अवस्थेत स्नायू सैल पडतात, म्हणून विंझणा सुटतो. आणि या अवस्थेतून जागा केलेला मनुष्य बऱ्याचदा ‘मी जागाच होतो’ असे प्रामाणिकपणे सांगतो.

दुपारी दोनच्या सुमारास येणाऱ्या या गुंगीचा दोष आपण भाकरीला देतो, तो पूर्णपणे खरा नाही. जड जेवणाने गुंगी वाढते हे मान्य, परंतु जेवण चुकविणाऱ्यालाही दुपारी ती येते. शरीरातील चोवीस तासांच्या घड्याळात दुपारी एक ते चारच्या दरम्यान सावधपणाला एक लहानसा उतार असतो. शिवाय आपण जागे असतो तोपर्यंत मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्यामुळे झोपेची ओढ वाढते. हा साठा आणि तो उतार दुपारी एकत्र येतात, आणि वर सोलापूरचा मे महिना असला, पारा ४० अंशांच्या पुढे गेला असला, की नवी पेठेतील दुकानदारही गल्ल्यावर बसल्या बसल्या पेंगू लागतो.

आता आपल्या जड डोक्याविषयी. साधारण अर्ध्या तासानंतर झोप खोल उतरू लागते आणि तिचे एक आवर्तन सुमारे ९० मिनिटांचे असते. एक-सव्वा तासाने उठणारा मनुष्य बऱ्याचदा या खोल झोपेतूनच ओढून बाहेर काढला जातो. त्यानंतर झोपेचा अंमल अर्धा तास, कधी त्याहून अधिक टिकतो आणि त्या वेळात घरच्यांशी बोलावेसे न वाटणे हा स्वभावदोष नव्हे. आपण २० मिनिटांचा गजर लावावा आणि तीन वाजण्याच्या आत उठावे. दिवसा झोपेचा साठा आपण खर्चून टाकत असल्यामुळे रात्री तो अपुरा पडतो. म्हणून आपण बारा वाजेपर्यंत जागे राहता. पहिले आठ दिवस गजराचा राग येईल. सुखाची ती चार-पाच मिनिटे मात्र सव्वा तासाच्या झोपेत जितकी असतात तितकीच २० मिनिटांच्या डुलकीतही असतात.

आपल्या वडिलांचे म्हणणे सर्वस्वी निराधार होते असे मी म्हणणार नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिवसा झोपण्याचा सर्वसाधारणपणे निषेधच केला आहे, कारण त्याने कफ आणि पित्त वाढते असे तेथे मानले आहे. परंतु त्याच ठिकाणी ग्रीष्म ऋतूचा अपवाद स्पष्टपणे सांगितला आहे, आणि त्याचे कारणही दिले आहे : रात्री फार लहान झालेल्या असतात आणि शरीर रूक्ष झालेले असते. वृद्ध, बालके, अशक्त आणि प्रवासाने थकलेले यांनाही मुभा आहे. आपण वृद्ध या सदरात बसता की नाही हे मी ठरवत नाही, मात्र एप्रिल-मे महिन्यांत वडिलांच्या बोलण्याचे ओझे उशाशी घेण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत यंत्रमागावर रातपाळी करतो. आपण दुपारच्या झोपेच्या सुखाविषयी लिहिता, पण आमच्यासारख्यांची ती सक्ती आहे. घरावर पत्रा आहे, शेजारी लहान मुले आहेत, आणि कानात मागाचा खडखडाट दिवसभर राहतो. चार तासांपेक्षा जास्त झोप होत नाही.

उत्तर : आपले पत्र वाचून माझे ते वाक्य मलाच उथळ वाटले. आपली दिवसाची झोप ही डुलकी नव्हे, ती आपली रात्र आहे, आणि तिला रात्रीचाच मान मिळाला पाहिजे.

आपल्या शरीराचे घड्याळ मुख्यतः डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावर चालते. सकाळी पाळी सुटल्यावर लख्ख उन्हातून घरी जाताना ते घड्याळ ‘दिवस उजाडला’ असे समजते आणि झोप दूर सारते. म्हणून परतताना टोपी आणि काळा चष्मा वापरावा, चहाच्या टपरीवर रेंगाळू नये, आंघोळ आणि हलकी न्याहारी आटोपून शक्यतो दहाच्या आत अंथरूण धरावे. दुपारी ऊन चढण्याच्या आत जितके तास मिळतील तितके पदरात पाडून घ्यावेत, कारण पत्र्याखाली दोननंतर झोप लागणे कठीण असते. खिडकीला आपणच विणत असाल ती सोलापुरी चादर दुहेरी करून लावावी. इतका दाट पडदा बाजारात विकत मिळत नाही. पत्र्याला उन्हाळ्याच्या आरंभी पांढऱ्या चुन्याचा जाड हात मारला तर खोलीतील उष्मा जाणवण्याइतका कमी होतो. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असल्याने साधा पाण्याचा कूलर येथे चांगले काम देतो, फक्त एक खिडकी किलकिली ठेवावी, अन्यथा खोली दमट होऊन कूलर निरुपयोगी ठरतो. कानांत मेणाचे किंवा फोमचे बोळे घालावेत, कारखान्यातही आणि घरीही. मागाच्या आवाजाने ऐकू येणे हळूहळू कमी होते, आणि कानात सतत होणारा आवाज ही त्याची पूर्वसूचना असू शकते. म्हणून कान एकदा तपासून घ्या, ही गोष्ट झोपेइतकीच महत्त्वाची आहे.

सकाळची झोप चार तासच होत असेल तर संध्याकाळी कामावर निघण्यापूर्वी दीड तासाची दुसरी झोप घ्यावी आणि उठल्यावर अर्धा तास हातात राखून ठेवावा. घरच्यांनी या दोन्ही वेळा भिंतीवर लिहून ठेवल्या, तर शेजारच्या मुलांनाही त्या कळतील. आठवड्याने पाळी बदलत असेल तर मालकाशी बोलून निदान महिनाभर एकच पाळी मागून पाहावी. हे बोलणे सोपे नाही याची मला कल्पना आहे.

प्रश्न : वामकुक्षी डाव्याच कुशीवर का घ्यायची? जेवल्यावर लगेच झोपावे का? (एक शिक्षिका, जुळे सोलापूर)

उत्तर : लगेच झोपू नये. सुश्रुतसंहितेत क्रम दिला आहे : जेवल्यावर अन्नाचा शीण जाईपर्यंत राजासारखे स्वस्थ बसावे, नंतर शंभर पावले चालावे आणि मग डाव्या कुशीवर पहुडावे. आपण शतपावली आणि वामकुक्षी हे शब्द तेवढे जपले, राजासारखे बसणे मात्र विसरलो, कारण बहुतेक घरांत जेवल्यावर कोणाला तरी भांडी आवरावी लागतात. डाव्या कुशीवर असताना जठर अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खालच्या पातळीवर राहते, म्हणून आम्ल सहसा वर येत नाही. छातीत जळजळ होत असल्यास हा फरक त्याच दिवशी जाणवेल. शेंगाचटणीचा हात सढळ असलेल्या गावात तर तो हमखास जाणवतो.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. अभ्यासिकेत दुपारी झोप येते म्हणून मी सलग तीन-चार कप चहा घेतो. टेबलावर डोके ठेवून झोपलो तर संचालक हटकतात. काय करावे?

उत्तर : संचालकांना सांगावे की विमान चालविणाऱ्यांनाही हे करू दिले गेले आहे. नासा या अमेरिकी संस्थेने लांब पल्ल्याच्या उड्डाणांतील वैमानिकांवर एक अभ्यास केला होता आणि त्याचा अहवाल १९९४ साली प्रसिद्ध झाला. वैमानिकांना आळीपाळीने, बाकीचे काम पाहत असताना, जागेवरच विश्रांतीसाठी ४० मिनिटे देण्यात आली. त्यांना सरासरी सहा मिनिटांच्या आत झोप लागली आणि ते सरासरी २६ मिनिटे झोपले. उड्डाणाच्या अखेरच्या टप्प्यात, विमान उतरविण्याच्या वेळी, न झोपलेल्या वैमानिकांपेक्षा ते अधिक सावध आढळले. राज्यसेवेची प्रश्नपत्रिका विमानापेक्षा अवघड असते असे आपले म्हणणे असेल, तर त्यावर मी वाद घालणार नाही.

चहा मात्र क्रम बदलून घ्या. कॅफिन हे ॲडिनोसिनची मेंदूतील जागा अडवून धरते, परंतु त्याचा परिणाम जाणवायला २० ते ३० मिनिटे लागतात. म्हणून एक कप चहा झटपट पिऊन त्यानंतर लगेच १५-२० मिनिटे डोके टेकावे. डोळे उघडण्याच्या सुमारास चहा कामाला लागलेला असतो. एकच कप, आणि तोही चारच्या आत. रात्री सात तास झोपूनही दिवसा वर्गात, बसमध्ये किंवा दुचाकीवर डोळे मिटत असतील, अथवा घोरताना मध्येच श्वास थांबतो असे खोलीतील मित्र सांगत असेल, तर चहा आणि डुलकी दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार आणि सर्दीच्या काही गोळ्या यांनीही अशी गुंगी येते.

प्रश्न : घरात दुपारी सगळे घोरतात, पण मला झोप लागत नाही. नळाला पाणी येण्याच्या दिवशी मी पहाटे चारला उठलेली असते, तरीही दुपारी नुसती पडून राहते. डोळा लागतोय असे वाटते तोच दाराची घंटा वाजते. माझ्यात काही बिघाड आहे का? (एक गृहिणी, साखर पेठ)

उत्तर : बिघाड घंटेत आहे. कान दाराकडे लावून पडणाऱ्या माणसाला झोप लागत नाही, आणि घरातील बाकीचे निर्धास्त घोरतात ते आपले कान दाराकडे लागलेले आहेत म्हणूनच. पाण्याच्या दिवशी तरी दार उघडण्याचे काम दुसऱ्या कोणावर सोपवावे, त्या माणसाला आपल्याच खोलीबाहेर बसवावे, आणि घंटेची कळ अर्धा तास बंद ठेवावी. झोप लागलीच पाहिजे असा हट्ट नको. डोळे मिटून पडणे हीही विश्रांतीच आहे, आणि आमच्या आजीप्रमाणे, झोप लागली होती हे कदाचित आपल्यालाच कळत नसेल. त्यासाठी हातात एखादा विंझणा धरून पाहा.

दुपारी दोन ते अडीच माझ्याही दवाखान्याचे दार लोटलेले असते. बाहेरच्या बाकावर बसलेल्या रुग्णांपैकी कोणी ते वाजवीत नाही, कारण बहुधा तेही पेंगत असतात.