सिक्वेल बघताना आधी लाल ठिपका शोध

अगं पोरी,

टर्मिनेटर २ या इंग्रजी पिक्चरवर लिहिलेलं तू पाठवलंस ते मी दोनदा वाचलं. भाषा छान आहे तुझी, वाचताना कुठे अडकायला होत नाही. पण "ग्राफिक्स आता जुने वाटतात" आणि "अ‍ॅक्शन भारी, स्टोरी ओके" याच्यापलीकडे मला त्यात पिक्चर काही दिसला नाही. आणि परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस की मधले बोलण्याचे सीन दीडपट स्पीडने पळवले, ते ऐकून मला खरंच वाईट वाटलं, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

तो पिक्चर लागला तेव्हा मी भोसरीला फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात होतो. फर्स्ट शिफ्ट सुटली की बस पकडून डेक्कनला उतरायचं आणि लकडी पूल ओलांडून चालत अलका टॉकीजला, सहाचा शो. पहिला भाग, म्हणजे १९८४ चा, आम्ही मित्राच्या घरी व्हीसीआर भाड्याने आणून बघितला होता. त्यात अर्नोल्ड श्वार्झनेगर म्हणजे सारा कॉनर नावाच्या बाईला मारायला भविष्यातून आलेलं यंत्र, त्यामुळे त्याचा चेहरा म्हणजे मरण, हे डोक्यात पक्कं बसलेलं. हे मुद्दाम सांगतोय कारण दुसरा भाग पूर्ण या भीतीवरच उभा आहे. सुरुवातीला बराच वेळ दिग्दर्शक जेम्स कॅमेरून सांगतच नाही की भविष्यातून आलेल्या दोघांपैकी साराच्या पोराला, जॉनला, मारायला कोण आलाय आणि वाचवायला कोण. एकाच्या अंगावर पोलिसाचा युनिफॉर्म, दुसऱ्याच्या हातात गुलाबांचा खोका आणि खोक्यात बंदूक. ट्रेलरनी हे तेव्हाही फोडलं होतं आणि आता तर सगळ्या जगाला माहितीये, पण पिक्चर रचलाय तो माहिती नसलेल्या माणसासाठी. तसं बघायचा प्रयत्न कर.

आता लिफ्टचा सीन. साराला हॉस्पिटलमधे कोंडलंय, ती सुटून पळतीये, समोर लिफ्टचं दार उघडतं आणि आतून तोच चेहरा बाहेर येतो. बाई घसरते, पाठीवर पडते आणि तशीच मागेमागे सरपटत जाते. आत्तापर्यंत आपण तिला पलंग उभा करून त्याच्या दांड्याला लटकून पुलअप्स काढताना बघितलंय, दंड बघ काय कमावलेत तिने, आणि एका सेकंदात ती सगळी ताकद गळून पडते. तिला माहिती नाही ना की हा यावेळी वाचवायला आलाय. मग तो हात पुढे करतो आणि "जगायचं असेल तर माझ्याबरोबर चल" म्हणतो, तेच वाक्य पहिल्या भागात तिला वाचवायला आलेल्या काइल रीसने तिला म्हटलेलं असतं. शब्द तेच, फक्त तोंड बदललंय, म्हणजे ज्याच्यापासून पळायचं त्याच्याच बरोबर जायचं. तुझ्या लेखात हा सीन नाहीचे, सगळी जागा ट्रकच्या पाठलागाला गेलीये (तो भारी आहे, वादच नाही, कॅनॉलमधे ट्रक उडी मारतो तेव्हा आख्खं अलका ओरडलं होतं).

अजून एक सीन तुझ्या हातून पूर्ण सुटलाय. पहिल्या भागात साराच्या कपाळावर बंदुकीच्या लेझरचा लाल ठिपका येतो, आठवतंय? दुसऱ्या भागात ज्याच्या कामातून पुढे ही यंत्रं बनणार असतात तो डायसन रात्री घरी कॉम्प्युटरवर काम करत बसलाय आणि त्याच्यावर तसाच लाल ठिपका, पण यावेळी बंदुकीमागे सारा आहे. पोराची खेळण्यातली गाडी पायाला लागते म्हणून तो वाकतो, म्हणून वाचतो. मग ती घरात घुसते, बायकोपोरासमोर त्याच्यावर पिस्तूल रोखून उभी राहते आणि तिच्याच्याने गोळी झाडवत नाही, ती तिथेच कोसळते. म्हणजे जिच्या मागे यंत्र लागलं होतं ती स्वतःच यंत्र व्हायला निघाली होती. एकही डायलॉग न देता एका ठिपक्यावर हे सांगितलंय, आणि हे तू दीडपट स्पीडने बघितलंस! सिक्वेलवर लिहायचं ना, तर पहिल्याने मागे काय ठेवलं आणि दुसऱ्याने ते उचलून कोणाच्या हातात दिलं, हे आधी शोध. मोठं काय झालं ते नंतर. मोठं तर होणारच गं, पहिला साधारण ६४ लाख डॉलरमधे झाला आणि दुसऱ्याला १० कोटीच्या आसपास लागले.

ग्राफिक्सचं म्हणशील तर १३७ मिनिटांच्या पिक्चरमधे कॉम्प्युटरचं काम जेमतेम ५ मिनिटांचं आहे. बाकी बरंचसं इफेक्टवाल्या स्टॅन विन्स्टनच्या लोकांनी हाताने बनवलेलं. हॉस्पिटलमधला तो कॉफी घेणारा गार्ड आणि त्याच्यासमोर उभा राहणारा त्याचाच डुप्लिकेट (मारायला आलेलं यंत्र कोणाचंही रूप घेतं ना), ते खरे जुळे भाऊ आहेत, आणि शेवटी दोन सारा दिसतात तिथे साराचं काम करणाऱ्या लिंडा हॅमिल्टनची जुळी बहीण आहे. तुला इफेक्टमधेच करिअर करायचंय म्हणून सांगतो, "जुनं वाटतं" असं लिहिण्याआधी नक्की कुठला शॉट जुना वाटला ते लिही. थांबवून बघ, मागे घेऊन बघ.

शेवट मात्र माझ्या घरचा आहे. पहिला भाग हायड्रॉलिक प्रेसमधे संपतो, दुसरा स्टील प्लांटमधे, आम्ही फाउंड्रीवाले त्यावर किती दिवस बोलत होतो. दुसऱ्या दिवशी चहाला एकजण म्हणाला की वितळलेल्या लोखंडाच्या इतक्या जवळ माणूस उभाच राहू शकत नाही, आणि बरोबरच होतं त्याचं, आमच्याकडे १४०० डिग्रीच्या आसपास पोअरिंग चालायचं, लेडल, म्हणजे वितळलेल्या लोखंडाची बादली, जवळून गेली तरी तोंड भाजायचं. पण मला ते खोटं वाटलं नाही, कारण प्रकाश खरा होता. खालून येणारा तो नारिंगी प्रकाश हनुवटीवर आणि नाकाखाली पडतो आणि डोळ्यांच्या खोबणीत अंधार राहतो, रात्रपाळीला आम्ही एकमेकांचे चेहरे तसेच बघायचो. पुढे कळलं की तो बंद पडलेला प्लांट होता आणि ते लोखंडही खरं नव्हतं. तरी मला तो प्रकाश आजही खराच वाटतो. तू तुझ्या रोजच्या आयुष्यातून पिक्चरकडे बघ, दुसऱ्या कोणाला जे दिसणार नाही ते तिथूनच दिसतं.

याच मालिकेतला २०१९ चा डार्क फेट तुला आवडला म्हणालीस. मला नाही आवडला, कारण ज्या पोरासाठी आधीच्या दोन भागांत एवढा जीव टाकला त्याला सुरुवातीच्या काही मिनिटांतच मारलं. मागचं उचलून पुढे न्यायच्या ऐवजी फेकून दिलं असं वाटलं मला. लिंडाला परत बघून डोळ्यात पाणी आलं तरीही. तुझं मत वेगळं असेल तर तसंच ठेव, फक्त कुठल्या सीनमुळे आवडला ते मला लिहून कळव.

रविवारी दुपारी ये घरी. दोन्ही भाग लागोपाठ लावू, पडदे ओढून, फोन बाहेरच्या खोलीत. वही घेऊन ये, पण पहिल्यांदा बघताना लिहायचं नाही. लिफ्टचं दार उघडलं की मी पॉज करणार आहे आणि तुला विचारणार आहे की तिचे हात कुठे होते.

तुझा,
काका