सायटिका आणि मंगोलियन पद्धतीच्या उबदार सुया

प्रश्न : माझे वय ५४. कंबरेतून डाव्या पोटरीपर्यंत कळ जाते. कोथरूडहून हडपसरला दुचाकीने जाणे नकोसे झाले आहे. मंगोलियन पद्धतीच्या गरम सुयांनी सायटिका बरी होते का? मला मधुमेह आहे. – एक वाचक, पुणे

उत्तर : चीनमधील अंतर्गत मंगोलियात रूढ असलेल्या या पद्धतीत ठरावीक बिंदूंवर चांदीची सुई टोचून तिच्या बाहेरच्या टोकाला वाळक्या वनस्पतीचा बोळा जाळून किंवा विजेच्या उपकरणाने ऊब देतात. (ही वनस्पती म्हणजे आपण चैत्रात देवाला वाहतो त्या दवण्याची भावकीच.) उबेने आखडलेले स्नायू सैलावून वेदना कमी होऊ शकते, परंतु सायटिकात (कंबरेतून पायात जाणाऱ्या नसेवर दाब आल्याने उठणारी कळ) बहुधा ज्यामुळे हा दाब येतो, ती मणक्यांमधील सरकलेली चकती सुईने जागेवर जात नाही, आणि बरेच रुग्ण ६ ते १२ आठवड्यांत आपोआप सुधारत असल्याने श्रेय कशाला द्यावे, हे ठरवणे अवघड असते. मला खरी काळजी तुमच्या मधुमेहाची वाटते. तळपायाची संवेदना मंदावली असेल, तर चटका बसल्याचे कळतही नाही आणि जखम चिघळते. पाऊल उचलता न येणे, बसण्याच्या जागी बधिरपणा किंवा लघवी अडणे यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.