तुमचे प्रश्न, आमची उत्तरे : फॅटी लिव्हरची ‘ग्रेड’, नवी औषधे आणि हळदीच्या कॅप्सूल

प्रश्न : वय ५२, वजन ८२ किलो, उंची ५ फूट ६ इंच. दारू घेत नाही. कंपनीच्या तपासणीत सोनोग्राफीवर ‘फॅटी लिव्हर ग्रेड २’ निघाले. यकृताच्या रक्ततपासणीत एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १.९० लाख. अमेरिकेत फॅटी लिव्हरवर गोळी आली आहे असे वाचले. ती मागवून सुरू करावी का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : गोळीचे नंतर पाहू. आधी ‘ग्रेड २’ म्हणजे काय ते समजून घ्या. सोनोग्राफी करताना डॉक्टर यकृत शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा किती पांढरे दिसते हे डोळ्यांनी पाहून ग्रेड देतात. ही चरबीची ग्रेड झाली. यकृत पुढे निकामी होणार की नाही हे ठरते फायब्रोसिसवर, म्हणजे वर्षानुवर्षांच्या सुजेमुळे यकृतात साचणाऱ्या व्रणाच्या तंतूंवर. ग्रेड १ असलेल्या माणसाचा फायब्रोसिस पुढे गेलेला असू शकतो आणि ग्रेड ३ असूनही तो नसू शकतो. सिऱ्होसिस, म्हणजे फायब्रोसिसचा शेवटचा टप्पा, झाला की यकृतातली चरबी उलट कमी होत जाते. त्यामुळे ‘ग्रेड उतरली’ म्हणून निर्धास्त होणे धोक्याचे आहे.

फायब्रोसिसचा पहिला अंदाज तुमच्याच रिपोर्टमधून निघतो. त्या हिशोबाला ‘फिब-४’ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ). प्लेटलेट हजारांत धरायच्या, म्हणजे १.९० लाखाचे १९०. नेमकी इथेच चूक होते : कॅल्क्युलेटरमध्ये १.९ टाकले तर उत्तर शंभरपट येते आणि १,९०,००० टाकले तर जवळजवळ शून्य. तुमचा हिशोब असा : ५२ × ४८ = २४९६. ६४ चे वर्गमूळ ८, म्हणून १९० × ८ = १५२०. भागाकार १.६४.

१.३ पेक्षा कमी आकडा आला तर पुढे गेलेल्या फायब्रोसिसची शक्यता फार कमी, आणि २.६७ च्या वर गेला तर थेट यकृततज्ज्ञांकडे जावे. तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात, म्हणून पुढची पायरी फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी. वयाची पासष्टी ओलांडलेल्यांसाठी खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात. पस्तिशीच्या आत हा हिशोब भरवशाचा नाही. डेंग्यूच्या तापात किंवा त्यानंतर लगेच केलेल्या रक्ततपासणीवर तो मुळीच मांडू नका. डेंग्यूत प्लेटलेट पडतात, एसजीओटी चढते आणि फिब-४ विनाकारण भयंकर दिसतो.

फायब्रोस्कॅनला किमान तीन तास उपाशी जा. जेवल्यावर यकृतातला रक्तप्रवाह वाढतो आणि यकृत असते त्यापेक्षा कडक मोजले जाते. उताणे झोपवून, उजवा हात डोक्याखाली घ्यायला सांगून, बरगड्यांच्या मधून प्रोब लावतात. हलकासा ठोका जाणवतो, दुखत नाही. रिपोर्टवर तीन गोष्टी पाहा : किमान १० वैध मोजण्या झाल्या का, आयक्यूआर (मोजण्यांमधली तफावत) ३० टक्क्यांच्या आत आहे का, आणि स्थूल माणसासाठी मोठा, एक्सएल प्रोब वापरला का. डेसिबलमधला आकडा चरबीचा, किलोपास्कलमधला कडकपणाचा. किलोपास्कल ८ च्या आत असतील तर काळजी कमी, ८ ते १२ मध्ये आणखी तपास हवा, १२ च्या वर फायब्रोसिस बराच पुढे गेल्याची शक्यता. कावीळ असताना किंवा हृदय कमजोर असताना हा आकडाही फुगतो.

आता गोळी. रेस्मेटिरॉमला अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळाली. यकृतावरच्या सुजेसह फायब्रोसिस असलेल्या रुग्णांसाठीचे तिथले हे पहिले मान्यताप्राप्त औषध. थायरॉइड संप्रेरकाचा जो ग्राहक मुख्यतः यकृतात असतो त्यालाच ते चालना देते, त्यामुळे यकृतातली चरबी जळते आणि हृदयावर थायरॉइडच्या गोळीसारखा ताण येत नाही. ९६६ रुग्णांच्या चाचणीत वर्षभरानंतर बायोप्सीत सूज गेलेली दिसली ती ८० मिलिग्रॅम घेणाऱ्या सुमारे २६ टक्के आणि १०० मिलिग्रॅम घेणाऱ्या ३० टक्के रुग्णांत; नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत १० टक्के. फायब्रोसिस एक पायरी उतरला तो अनुक्रमे २४, २६ आणि १४ टक्क्यांत. प्रगती खरी आहे, पण बहुतेकांचा फायब्रोसिस उतरला नाही हेही त्याच आकड्यांत दिसते.

शिवाय मान्यता आहे ती फक्त फायब्रोसिसच्या एफ-२ आणि एफ-३ टप्प्यांसाठी, म्हणजे सिऱ्होसिसच्या (एफ-४) आधीच्या दोन पायऱ्यांसाठी. तुमचा टप्पाच अजून ठरलेला नाही. परदेशातून गोळ्या मागवून स्वतःहून घेणे आम्हाला साफ नामंजूर आहे. या गोळीसोबत कोलेस्टेरॉलच्या औषधांपैकी रोसुवास्टॅटिन २० आणि अ‍ॅटोरवास्टॅटिन ४० मिलिग्रॅमच्या वर घेता येत नाही, जेमफायब्रोझिल तर चालतच नाही. भारतात सारोग्लिटाझार २०२० पासून या आजारासाठी मंजूर आहे. तेसुद्धा तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायचे.

फायब्रोस्कॅन ८ च्या आत आला तर तुमचे औषध वजन हेच. ८२ किलोतले ४ किलो उतरले की चरबी घटते, ६ ते ८ किलो उतरले की सूज ओसरू लागते, आणि ८ किलोच्या पुढे टिकवून उतरवले तर फायब्रोसिसही मागे हटू शकतो. रिपोर्टवर पुढे कधी फॅटी लिव्हरऐवजी ‘एमएएसएलडी’ लिहून आले तर घाबरू नका. २०२३ मध्ये नाव बदलले, आजार तोच.

प्रश्न : आई ५८ वर्षांची, मधुमेह आहे, साखरेची गोळी ग्लिमेपिराइड चालू. फायब्रोस्कॅन ९.८. डॉक्टरांनी सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन सुचवले. शेजारच्या काकू म्हणतात, उलट्यांनी जीव नकोसा होतो. द्यावे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : डॉक्टरांचा विचार योग्य दिशेने आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत हे इंजेक्शन एफ-२ आणि एफ-३ फायब्रोसिससह सूज असलेल्या यकृतासाठी मंजूर झाले. पहिल्या ८०० रुग्णांचा ७२ आठवड्यांनंतरचा निष्कर्ष असा : सूज गेली ६३ टक्क्यांत, दिखाऊ इंजेक्शन घेणाऱ्यांत ३४ टक्क्यांत. फायब्रोसिस सुधारला ३७ विरुद्ध २२ टक्क्यांत. आईंचा मधुमेह आणि वजन दोन्हींवर त्याचा उपयोग होईल. मात्र ९.८ हा मधला आकडा आहे, तेव्हा टप्पा नक्की करण्यासाठी आणखी कोणती तपासणी हवी हे डॉक्टरांना विचारा.

उलट्यांचे मुख्य कारण म्हणजे डोस घाईने वाढवणे. आठवड्यातून एकदा ०.२५ मिलिग्रॅमने सुरुवात, मग दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ आणि शेवटी २.४. एखादी पायरी सोसली नाही तर तिथेच आणखी काही आठवडे थांबता येते. हे औषध जठर रिकामे व्हायला वेळ लावते. म्हणून ताट निम्मे करा, तळलेले टाळा, रात्रीचे जेवण लवकर घ्या आणि पोट भरले असे वाटताच थांबा. ‘अजून एक पोळी घे’ हा आग्रह घरात कोणीच करायचा नाही. भूक कमी झाली की पहिली गळते ती डाळ-उसळ, आणि मग स्नायू झडतात. ताटात आधी डाळ, मोड आलेली कडधान्ये, दही, अंडे किंवा मासे, भात-पोळी शेवटी.

सुरू करण्याआधी दोन कामे. ग्लिमेपिराइडचा डोस कमी करायचा का ते विचारा, कारण दोन्ही मिळून साखर एकदम उतरू शकते. आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्या. साखर झपाट्याने खाली आली की पडद्याचा जुना आजार बळावू शकतो. पुढे उजव्या बरगडीखाली कळ आली तर पित्ताशयातील खड्यांचा, पोटातली कळ पाठीत जाऊन उलट्या थांबेनात तर स्वादुपिंडाच्या सुजेचा संशय धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना हे इंजेक्शन चालू असल्याचे सांगायलाच हवे. इंजेक्शन बंद केले की बहुतेकांचे वजन बरेचसे परत येते, हे मात्र खरे आहे. हा दोन महिन्यांचा कोर्स नाही, याची तयारी ठेवून सुरुवात करा.

प्रश्न : लिव्हरसाठी चांगली म्हणून हळदीची कॅप्सूल आणि गुळवेलीचा काढा घेते. स्वयंपाकात हळद रोजच असते, मग कॅप्सूलने काय बिघडणार? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मात्रेमुळे बिघडते. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के असते. भाजी-आमटीतून अर्धा चमचा हळद पोटात गेली तर ते काही दशांश ग्रॅमही भरत नाही. ५०० मिलिग्रॅमच्या ९५ टक्के अर्काच्या एका कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम असते, म्हणजे जवळजवळ १६ ग्रॅम हळदीएवढे. त्यात बहुधा मिऱ्याचा अर्क, पिपेरीन, घातलेला असतो. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनी दाखवले की पिपेरीनमुळे माणसाच्या रक्तात पोहोचणारे कर्क्युमिन वीसपट होते. २०२२ मध्ये अमेरिकेतील यकृत-इजांच्या नोंदींमधून हळदीच्या पूरकांमुळे झालेले दहा रुग्ण मांडले गेले. त्यातील पाच रुग्णालयात दाखल झाले, एक दगावला, आणि सात जणांत एचएलए-बी ३५:०१ हा एकच जनुकप्रकार सापडला. म्हणजे शेजारणीला सोसलेली कॅप्सूल तुम्हाला सोसेलच असे नाही.

गुळवेलीबद्दल २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृतावर शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने हल्ला केल्यासारखी सूज होती. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. आमचे मत स्पष्ट आहे : ज्यांना मधुमेह, थायरॉइड किंवा स्वप्रतिकाराचा आजार आहे त्यांनी गुळवेल रोज घेऊ नये.

तुम्ही दोन्ही आजच थांबवा आणि आठवडाभरात बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी तपासा. अन्नावरची वासना उडणे, चहासारखी लघवी, अंगाला खाज ही सुरुवातीची लक्षणे. काविळीबरोबर गुंगी आली किंवा आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) वाढला तर यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेले रुग्णालयच गाठा. जाताना कॅप्सूलची बाटली सोबत न्या. भाजीतली हळद खुशाल चालू ठेवा.

प्रश्न : आम्ल कमी करणारी पँटोप्राझोल गोळी चालू असताना एच. पायलोरी या जठरातल्या जंतूची श्वासचाचणी ‘निगेटिव्ह’ आली. जळजळ आहेच. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : ती चाचणी धरू नका. पँटोप्राझोल या जंतूला दाबून ठेवते, मारत नाही. गोळी दोन आठवडे बंद ठेवून चाचणी पुन्हा करा. प्रतिजैविक किंवा बिस्मथ घेतले असेल तर चार आठवडे थांबा. मधल्या दिवसांत जळजळीला साधे अँटासिड चालते. जठरातून कधी रक्तस्राव झाला असेल किंवा तुम्ही रक्त पातळ करणारी औषधे घेत असाल, तर पँटोप्राझोल स्वतःहून थांबवू नका. रक्तातील अँटिबॉडीची तपासणी या कामाची नाही. जंतू गेल्यावरही ती पॉझिटिव्ह राहते.

जंतू सापडला तर २०२४ च्या अमेरिकी मार्गदर्शनानुसार पहिली पसंती १४ दिवसांच्या चौकडीला : आम्ल कमी करणारी गोळी दिवसातून दोनदा, सोबत बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल. जंतूची संवेदनशीलता न तपासता क्लॅरिथ्रोमायसिनचा जुना कोर्स देणे आता योग्य मानत नाहीत. बिस्मथमुळे शौच काळी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. ती डांबरासारखी चिकट, दुर्गंधीयुक्त असेल आणि चक्कर येत असेल तर तो रक्तस्राव समजून लगेच रुग्णालयात जा. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी, पुन्हा दोन आठवडे पँटोप्राझोल बंद ठेवून, जंतू गेल्याची खात्री श्वासचाचणीनेच करून घ्या.