लॅबमध्ये लिपिडच्या (रक्तातल्या चरबीच्या तपासणीच्या) टेबलावर नवीन असशील तर

मशीनच्या आधी नळीकडे बघायची सवय लाव. सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा पातळ भाग) दुधाळ दिसलं की ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, भरपूर आहेत असं समज, आणि मग एलडीएलचा, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा, आकडा संशयानेच वाच. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) वजा, शिवाय ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड ४०० मि.ग्रॅ./डे.लि.च्या वर गेले की हे गणित चालत नाही. कॉम्प्युटरने उत्तर दिलं तरी ते रिपोर्टवर जाऊ देऊ नकोस, एलडीएल थेट मोजणारी ‘डायरेक्ट एलडीएल’ चाचणी लाव.

मला स्वतःला अपो-बी या प्रथिनाची चाचणी जास्त भरवशाची वाटते. एलडीएलच्या प्रत्येक कणावर या प्रथिनाचा एकच रेणू असतो, त्यामुळे धमनीत घुसू शकणारे कण किती, याचा अंदाज थेट मिळतो. पण ही चाचणी बहुधा इम्युनोटर्बिडिमेट्रीने होते, म्हणजे अँटिबॉडीमुळे आलेला गढूळपणा मोजतात. दुधाळ सीरम तिथेही घोळ घालतं.

सगळ्यात जपून करायची ती लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारख्या, पण अपो-ए हे प्रथिन जोडलेल्या कणाची चाचणी. या अपो-ए प्रथिनाचा (एचडीएलमधलं अपो-ए वेगळं) आकार माणसागणिक वेगळा असतो, म्हणून मिलिग्रॅमचे (वजनाचे) नॅनोमोल (कणांची संख्या) एका ठरावीक गुणकाने करू नकोस, कोणी कितीही आग्रह केला तरी. कॅलिब्रेटर (मशीन जुळवायचा ठरलेल्या मूल्याचा नमुना) नॅनोमोलमधला आणि आकाराचा कमीत कमी परिणाम होणारा किट मागून घे. ही पातळी मुख्यतः आनुवंशिक असते, अनेक पेशंट ती आयुष्यात एकदाच तपासतात. त्या दिवशी कंट्रोल (मशीन बरोबर चालतंय का ते तपासायचा माहीत मूल्याचा नमुना) मर्यादेत नसेल तर नमुना थांबव.