वाचकांचे प्रश्न : हंसा, धनकोर आणि सुप्रिया पाठक

प्रश्न (डोंबिवलीहून एक वाचक) : घरी सगळे मिळून परत 'खिचडी' ही जुनी विनोदी टीव्ही मालिका बघतोय. मुलगी म्हणते, हंसाचं काम करणारी बाई आणि 'राम-लीला' पिक्चरमधली ती भयंकर धनकोर बा एकच आहे. मला पटत नाहीये. खरंच का? आणि मग कॉमेडी सोडून त्यांनी काय काय केलंय?

उत्तर : मुलीचं बरोबर आहे, दोन्ही सुप्रिया पाठकच. आणि कॉमेडी तर बरीच नंतर आली हो, सुरुवात श्याम बेनेगलांच्या 'कलयुग'पासून, 1981 साली, त्यासाठी फिल्मफेअरचं सहाय्यक अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं, लगेच पुढच्या वर्षी 'बाजार', त्यात त्यांची शबनम, हैदराबादची गरीब पोरगी जिला पैशासाठी मोठ्या वयाच्या माणसाशी लग्न लावून देतात. तो बघून कोणाला वाटलं असतं की ही मुलगी पुढे सोफ्यावर बसून "हेलो, हाउ आर, खाना खा के जाना हां" म्हणेल आणि अख्खा देश हसेल?

मला स्वतःला वाटतं हंसा चालली कारण सुप्रियाताईंनी तिला कधीच जोक म्हणून केलं नाही. हंसाला इंग्लिश शब्द कळत नाही, ती नवऱ्याला, प्रफुलला विचारते, तो ठार चुकीचा अर्थ सांगतो आणि हिला तो शंभर टक्के पटतो, चेहऱ्यावर कुठेही 'बघा मी कशी विनोदी' असं नाही. हंसाला आपल्या न कळण्याची लाजच नाही, आणि हे करायला फार अवघड आहे, कारण जरा ओव्हर झालं की बाई नुसती बावळट दिसते.

आता यासमोर 'वेक अप सिड' (2009) ठेवून बघा. तिथेही त्या इंग्लिशशी झगडणारी आईच आहेत, मुलाच्या जवळ जाता यावं म्हणून त्याच्याशी मोडकंतोडकं इंग्लिश बोलते आणि तो वैतागतो. इंग्लिशची अडचण तीच, पण इथे हसू येत नाही, घशात काहीतरी अडकतं. मला विचाराल तर त्यांची रेंज धनकोरपेक्षा इथे जास्त दिसते. धनकोर पोटच्या पोरीचं बोट कापते, ते लक्षात राहणारच. त्या कामाला परत फिल्मफेअर मिळालं, 'कलयुग'नंतर तब्बल 32 वर्षांनी आलेल्या पिक्चरसाठी, मधे टीव्हीवर एवढं सोनं करून ठेवलेलं असताना आपल्याकडे कॉमेडीला कोणी मोठं काम समजत नाही याचा मला खरंच राग येतो.

प्रश्न (सांगलीहून एक वाचक) : 'साराभाई' मालिकेतली माया आणि 'खिचडी'तली हंसा करणाऱ्या दोघी खऱ्या बहिणी आहेत का? आणि 'खिचडी'तलीच जयश्री?

उत्तर : माया म्हणजे रत्ना पाठक शाह, सुप्रियाताईंची सख्खी मोठी बहीण, दोघी दीना पाठक यांच्या मुली. जयश्री करणाऱ्या वंदना पाठक यांचं आडनाव तेच, पण त्या अभिनेते अरविंद वैद्य यांची मुलगी. 1985 साली दूरदर्शनवर 'इधर उधर' नावाची कॉमेडी लागायची, त्यात या दोघी सख्ख्या बहिणी एकत्र होत्या, जुन्या लोकांना आठवत असेल. आणि गंमत म्हणजे पुढे 'खिचडी' आणि 'साराभाई' दोन्ही आतिश कपाडिया-जेडी मजेठिया या एकाच टीमने केल्या, एकीला इंग्लिश येतच नाही आणि दुसरी सुनेच्या प्रत्येक शब्दाला नाक मुरडते.

प्रश्न (पुण्याहून एक वाचक) : त्यांचं अलीकडचं काय बघू?

उत्तर : 'टब्बर' (2021) ही वेब सिरीज आधी, पण रात्री एकट्याने नको, टेन्शन येतं. मग 'होम शांती' (2022), देहरादूनमधलं कुटुंब स्वतःचं घर बांधतंय, सोबत मनोज पाहवा, आईवडिलांबरोबर बसून बघता येते. 'खिचडी 2' (2023) थिएटरला आला होता, पण त्याच्या आधी जुने एपिसोड बघा, हंसा तिथेच भेटते.